पार्श्वभूमी : सांकेतिक भाषेतील सेवा आणि शासनावरचे कायदेशीर बंधन

सांकेतिक भाषेतून सेवा पुरवण्याचे शासकीय यंत्रणांवरील बंधन २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातून आले, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते; पण त्याचा उगम शोधायचा तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंत मागे जावे लागते. १८७२च्या भारतीय पुरावा अधिनियमातील कलम ११९ने बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराला लिहून किंवा खुणांनी साक्ष देण्याची मुभा दिली, मात्र ते लेखन आणि त्या खुणा खुल्या न्यायालयातच झाल्या पाहिजेत अशी अट घातली. खुणांचा अर्थ न्यायाधीशाला कोणी सांगायचा, याविषयी कलमात अक्षरही नव्हते. राजस्थानातील एका खून खटल्यात मृताच्या कर्णबधिर पत्नीची साक्ष तिच्या वडिलांनाच दुभाषी करून नोंदवली गेली. शपथ ना तिला दिली गेली ना वडिलांना, आणि तिने केलेल्या खुणाही नोंदीत उतरल्या नाहीत. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही साक्ष ग्राह्य धरली नाही आणि आरोपीची सुटका कायम राहिली. त्रुटी यंत्रणेची होती, पण वाया गेले ते त्या बाईचे म्हणणे. पुढच्याच वर्षी, दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर झालेल्या फौजदारी कायदा दुरुस्तीने अशा साक्षीसाठी दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घेणे आणि चित्रीकरण करणे न्यायालयांवर बंधनकारक केले.

म्हणजे शासनाला ज्याचे म्हणणे हवे होते, त्या साक्षीदाराला दुभाषी आधी मिळाला. ज्याला शासनाकडून काही हवे होते, त्या नागरिकाची पाळी उशिरा आली. १९९५च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याचा भर शिक्षण, रोजगार आणि आरक्षणावर होता. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७मध्ये मान्यता दिल्यावर नव्या कायद्याची गरज निर्माण झाली आणि १९ एप्रिल २०१७ रोजी लागू झालेल्या २०१६च्या अधिनियमाने ‘संप्रेषणा’च्या व्याख्येतच सांकेतिक भाषेचा समावेश केला, ती जाणणारे शिक्षक नेमण्याचे काम शासनाकडे सोपवले आणि दूरचित्रवाणीसारख्या माध्यमांवर तिच्यातील अनुवादाची तरतूद केली.

बंधन आले, तरी ते पाळायला लागणारी माणसे हवीत. कर्णबधिरांच्या शाळांत दीर्घकाळ ओठ वाचण्यावर आणि बोलायला शिकवण्यावर भर राहिल्याने प्रशिक्षित दुभाषी तयार करणारी व्यवस्था फार उशिरा उभी राहिली. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग ही श्रवणदोषांविषयीची राष्ट्रीय संस्था १९८३पासून काम करत असली, तरी भारतीय सांकेतिक भाषेसाठीचे स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५मध्ये स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०१८मध्ये ३,००० शब्द होते, २०२१पर्यंत ते १०,०००वर गेले.

नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर याच अधिनियमाखालील नियम १५ रद्दबातल ठरवला, कारण मूळ कायद्याने सक्तीचे मानलेले सुगम्यतेचे, म्हणजे सेवा-सुविधा दिव्यांगांना वापरता येण्याचे, निकष त्या नियमामुळे केवळ मार्गदर्शक सूचना उरले होते. सक्तीचे किमान नियम वेगळे काढण्यासाठी न्यायालयाने केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली.