वारणेची हद्द ठरण्याआधीची २४ वर्षं

पुण्याकडून येताना वारणेचा पूल ओलांडला की कोल्हापूर जिल्हा लागतो. या नदीची हद्द झाली ती छत्रपतींच्या घरातल्या भाऊबंदकीपायी.

१७०७ साली औरंगजेब वारला आणि त्याचा मुलगा आझमशहा याने मोगलांच्या कैदेतल्या शाहूंना, संभाजी महाराजांच्या मुलाला, सोडलं. मराठ्यांत दुही माजावी, हा त्यामागचा हिशेब. शाहूंचे काका राजाराम यांच्या पश्चात सात वर्षं मोगलांशी झुंज दिलेल्या त्यांच्या पत्नी ताराबाईंनी आपला मुलगा शिवाजी याला गादीवर बसवलं होतं. त्यांनी शाहूंना तोतया ठरवलं, सरदारांकडून दूधभाताची शपथ घेतली म्हणतात. पण खेडच्या लढाईत सेनापती धनाजी जाधवच शाहूंना जाऊन मिळाले. परशुरामपंत प्रतिनिधी तेवढे बाईंना धरून राहिले. सातारा गेला आणि १७१० मध्ये पन्हाळ्यावर दुसरी गादी उभी राहिली.

पुढची पक्षांतरं सांगताना दम लागतो. धनाजींचा मुलगा चंद्रसेन शाहूंचा सेनापती. १७११ मध्ये त्याचं बाळाजी विश्वनाथांशी बिनसलं. निमित्त शिकारीतल्या हरणाचं. खरं दुखणं वेगळं, बापाच्या हाताखालचा कारकून डोईजड होत होता. चंद्रसेन ताराबाईंकडे आला, तिथूनही निघून निजामाकडे गेला. उलट कान्होजी आंग्रे ताराबाईंचे. त्यांनी शाहूंच्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना कैद केलं. त्यांच्या जागी आलेल्या बाळाजींनी बोलणी करून आंग्र्यांनाच शाहूंकडे वळवलं. या सगळ्यांना फितूर म्हणून मोकळं होता येतं. पण वतन आणि सरंजाम द्यायला दोन दरबार बसले होते, हेही विसरू नये.

पन्हाळाही एकजीव नव्हता. १७१४ मध्ये ताराबाईंच्या सवत राजसबाईंनी आपला मुलगा संभाजी गादीवर बसवला आणि ताराबाईंना मुलासकट कैदेत टाकलं. ज्यांनी ही गादी मांडली, त्यांनाच तिच्यावरून उठवलं!

या संभाजीराजांनी निजामाचा हात धरला, पण १७२८ मध्ये पालखेडला शाहूंचा पेशवा बाजीराव याने निजामालाच कोंडीत पकडलं. मग १७३० मध्ये सरदार उदाजी चव्हाणांच्या साथीने संभाजीराजे वारणेकाठी उतरले, तिथेही हरले. ताराबाई शाहूंच्या हाती लागल्या आणि साताऱ्यातच राहिल्या. एप्रिल १७३१ मध्ये तह झाला: वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे, म्हणजे पन्हाळ्याच्या गादीकडे. त्यात एक कलम असंही होतं की एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवून घेऊ नयेत.