मनाची बोचणी आणि पश्चात्ताप

उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे उपवास-प्रार्थनेचे दिवस, लागले की नागपूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "एवढी रडून प्रार्थना केली, तरी मनाला शांती का नाही?" विचारणारे प्रामाणिक असतात, त्यांच्या दुःखात खोट नसते. पण पुष्कळदा ते बोचणीलाच पश्चात्ताप समजून बसलेले असतात.

हा फरक बायबलमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो तो यहूदा आणि पेत्र यांच्यात. यहूदाने चांदीच्या तीस नाण्यांसाठी येशूला शत्रूंच्या हाती धरून दिलं. पेत्राने कोंबडा आरवण्याआधी त्याला तीनदा नाकारलं. दोघेही शिष्य, दोघांनाही आपलं कृत्य सोसवेना. नीट वाचलं तर त्या घडीला यहूदाच पुढे दिसतो. तो याजकांकडे गेला, निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं असं उघड बोलला, पैसे मंदिरात टाकून आला. पेत्र नुसता बाहेर जाऊन रडला. कबुली, परतफेड, वेदना, सगळं यहूदाजवळ होतं, तरी त्याने गळफास घेतला. याजकांनी "तुझं तू पाहा" म्हणून हात झटकले होते, आणि ज्याचा अपराध केला त्याच्याकडे तो वळलाच नाही.

पेत्र शिष्यांमध्येच राहिला. येशू मरणातून उठल्यावर तिबिर्याच्या समुद्रावर, काठाशी उभा आहे तो प्रभू आहे हे कळताच त्याने नावेतून पाण्यात उडी टाकली. तिथे येशूने त्याला तीनदा विचारलं, "माझ्यावर प्रेम करतोस का?" आणि आपली मेंढरं त्याच्या हाती सोपवली. मला वाटतं, पेत्राचा पश्चात्ताप त्याच्या रडण्यापेक्षा त्या उडीत जास्त दिसतो.

बोचणीत माणूस स्वतःकडेच पाहत राहतो: मी असा कसा वागलो, लोक काय म्हणतील. पश्चात्तापात तो ज्याचा अपराध केला त्याच्याकडे वळतो. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात म्हणतो की देवाच्या इच्छेप्रमाणे झालेलं दुःख तारणाकडे, म्हणजे पापातून सुटकेकडे, नेतं आणि जगाचं दुःख मरणाकडे.

इथे आणखी एक घोटाळा होतो. "इतके शुक्रवार कडक उपास करीन, मग देव क्षमा करील" असं ठरवणं म्हणजे देवाशी सौदा करणं. येशूच्या दाखल्यात, बापाची संपत्ती उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राने "मला मजुरासारखं ठेवा" हे वाक्य निघण्याआधीच जुळवून ठेवलं होतं, पण धावत आलेल्या बापाने त्याला ते पुरं करू दिलं नाही. नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा प्रॉटेस्टंट पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. बाप्तिस्म्याबद्दल, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेबद्दल, त्यांची मतं वेगळी होती, पण तारण कृपेने मिळतं यावर त्यांचं एकमत होतं. आजही उपासनेत पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, झाला की पाळक (धर्मगुरू) क्षमेचे शब्द उच्चारतात. कोण किती रडलं, हे कुणी मोजत नाही.

मग भरपाई करायचीच नाही का? करायची, पण तिची जागा नंतरची. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय नावाच्या जकातदाराने चौपट परत करण्याचं वचन दिलं ते येशू त्याच्या घरी उतरल्यावर. भावाचा हिस्सा दाबला असेल तर त्याच्या घरी जा, माफी मागा, कागदावर सही करा. तो माफ करील की दार लावून घेईल, हे त्याच्या हाती. देवाची क्षमा त्याच्या होकारावर अडलेली नाही.