मुलांची पोटगी: आकडा कसा ठरतो आणि अर्ज कुठे अडतो

पगाराच्या 25 टक्के रक्कम मुलाला मिळतेच, असा समज घेऊन अनेक आया कोर्टात येतात. असा नियम नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्नीच्या पोटगीच्या एका प्रकरणात 25 टक्के योग्य म्हटले आणि तोच आकडा तोंडोतोंडी फिरला. मुलांसाठी कायद्यात कोष्टक नाही, 2001 पासून कमाल मर्यादाही नाही. दोघांची कमाई, मुलाची गरज आणि आजवरचं राहणीमान पाहून न्यायाधीश रक्कम ठरवतात. आई कमावते म्हणून मुलाचा हक्क जात नाही. फार तर खर्च दोघांत वाटला जातो.

अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली होतो (1 जुलै 2024 पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125). धर्म कुठलाही चालतो, आईवडिलांचं लग्न झालेलं नसलं तरी चालतं. मूल 18 च्या आतलं हवं. अपंगत्वामुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाला वयाची अट नाही. तुम्ही राहता तिथल्या कौटुंबिक न्यायालयात, ते नसेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. सोबत जन्मदाखला, आधार आणि शाळेची कागदपत्रं जोडा.

खरी अडचण शपथपत्राची. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नागपूरहून गेलेल्या प्रकरणात 4 नोव्हेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मालमत्ता, उत्पन्न आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. शिवणकामाचे, शिकवणीचे पैसे लपवू नका. ते उलटतपासणीत निघाले की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

‘त्यांची पगारपत्रकं मिळत नाहीत’ म्हणून महिनोन्‌महिने थांबणाऱ्या बायका पाहिल्या की जीव तुटतो. ती आणणं तुमचं काम नाही! कंपनीचं नाव, बँक, गाडी, घराचा हप्ता, जे माहीत आहे ते लिहा आणि कागद हजर करण्याचा आदेश कोर्टाकडे मागा. शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ तुम्हीच काढू शकता. तुमच्याकडे हवा तो मुलाच्या खर्चाचा पुरावा. क्लासची फी रोख दिली, पावतीच नाही, हे नेहमीचं. आजच क्लासकडून, शाळेकडून फी भरल्याचं लेखी घ्या.

समोरच्याला उत्तर आणि शपथपत्रासाठी जास्तीत जास्त चार आठवडे, आणि मुदतवाढ दोनदाच, असं ‘रजनेश’ निकालातच आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि कोणाला काही वाटत नाही. तिसऱ्यांदा मुदत मागितली की त्याचा बचाव रद्द करण्याचा अर्ज द्या. अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापर्यंतच्या तात्पुरत्या पोटगीचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत लागायला हवा, म्हणून तो अर्ज मूळ अर्जासोबतच टाका. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. आधीचे महिने गेले ते गेले.

सर्वांत घातक चूक वसुलीची. आदेशानंतर पैसे आले नाहीत की ‘एकदम मागू’ म्हणून लोक थांबतात. कलम 144 खालच्या वसुली वॉरंटसाठी, रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आदेशाला एक वर्ष नव्हे, प्रत्येक महिन्याच्या रकमेला वेगळं वर्ष! पैसे न दिल्याबद्दल तो तुरुंगात जाऊन आला तरी थकबाकी माफ होत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 ला फोन करा. स्त्रिया आणि मुलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कोणी मागितलाच तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 दाखवा.