नाताळच्या प्रथा: पेगन किती, ख्रिस्ती किती

नाताळ म्हणजे २५ डिसेंबरला येणारा येशूच्या जन्माचा सण, आणि त्याच्या भोवती जमलेल्या प्रथा म्हणजे ट्री, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा, मिसलटो नावाची झाडावर वाढणारी वनस्पती, भेटवस्तू वगैरे. हे सगळं मुळात पेगन आहे आणि चर्चने ते उचललं, असं दर डिसेंबरमध्ये मोबाईलवर फिरत असतं, आणि त्याला उत्तर म्हणून यात पेगन काहीच नाही असं ठासून सांगणारेही असतात. दोन्ही अर्धवट आहे. कुठली प्रथा पहिल्यांदा कधी आणि कुठे लिहिलेली सापडते हे एकेक करून बघावं लागतं, दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

पेगन हा शब्द लॅटिन 'पागानुस' वरून आला, त्याचा जुना अर्थ खेड्यातला माणूस. जुन्या देवांना मानणाऱ्या सगळ्यांनाच ख्रिस्ती लोक हा शब्द लावायला लागले, म्हणजे पेगन नावाचा एक धर्म कधीच नव्हता, रोममधले, जर्मनीतले, आयर्लंडमधले असे कितीतरी वेगळे वेगळे लोक या एका शब्दात कोंबलेले आहेत. आणि आपला नाताळ हा शब्द पोर्तुगीज 'नाताल' चा, तो लॅटिन 'नातालिस' चा, म्हणजे जन्माचा. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लगेच लागणार आहे.

सगळा वाद मुख्यतः तारखेचा. रोममध्ये इ.स. ३५४ साली फिलोकालुस नावाच्या सुलेखनकाराने एका श्रीमंत ख्रिस्ती माणसासाठी एक सुंदर सचित्र कॅलेंडर तयार केलं. मूळ प्रत गेली, नंतर केलेल्या नकला उरल्यात. त्यात २५ डिसेंबरपुढे लिहिलंय 'एन इनविक्टी', म्हणजे अजिंक्य असलेल्याचा जन्मदिवस, आणि त्या दिवशी रथांच्या ३० शर्यती. इथला 'एन' म्हणजे तोच नातालिस, आणि अजिंक्य म्हणजे 'सोल इनविक्टुस', सूर्यदेव, ज्याचं मोठं देऊळ ऑरेलियन बादशहाने २७४ मध्ये रोममध्ये बांधलं होतं. आता गंमत बघा, त्याच ग्रंथात पुढे हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची यादी आहे आणि तिची सुरुवातच २५ डिसेंबरला ख्रिस्त बेथलेहेममध्ये जन्मला या नोंदीने होते, आणि अभ्यासक ही यादी ३३६ ची धरतात. म्हणजे सूर्याचा सण आणि येशूचा सण, दोन्हींचा २५ डिसेंबरचा सगळ्यात जुना पक्का पुरावा एकाच ग्रंथात! मग कुणी कुणाचा दिवस घेतला हे छातीठोकपणे सांगता येत नाही. चर्चने सूर्याच्या सणावरून तारीख हलवली असं स्पष्ट लिहिलेलं जे नेहमी दाखवतात ती १२व्या शतकातल्या सिरियाक भाषेत लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती लेखकाच्या हस्तलिखिताच्या समासातली टीप आहे, घटनेनंतर ८०० वर्षांची.

दुसरी बाजू हिशोबाची आहे. येशूला २५ मार्चला क्रूसावर दिलं असं तेर्तुलियनसारखे ख्रिस्ती लेखक २०० च्या आसपास सांगत होते, आणि मोठा माणूस ज्या तारखेला गर्भात येतो त्याच तारखेला जातो अशी तेव्हा समजूत होती असं या बाजूचे अभ्यासक म्हणतात, मग २५ मार्चमध्ये ९ महिने मिळवले की २५ डिसेंबर. पूर्वेकडे क्रूसाची तारीख ६ एप्रिल धरायचे, तिथून येतो ६ जानेवारी, आणि आर्मेनियन चर्च आजही त्याच दिवशी जन्म साजरा करतं. मला स्वतःला हा हिशोब जास्त पटतो, पण सूर्य पूर्ण बाजूला काढता येत नाही, कारण ५व्या शतकात पोप लिओ प्रवचनात कळकळीने तक्रार करतो की लोक रोमच्या सेंट पीटर चर्चच्या पायऱ्या चढून वर येतात आणि आत जायच्या आधी मागे वळून उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करतात. हे लोक बाप्तिस्मा झालेले ख्रिस्ती होते, आणि त्यांना त्यात काही चूक वाटत नव्हती.

सॅटर्नालिया हा रोमन सण मात्र नक्की ख्रिस्तपूर्व. १७ डिसेंबरला सुरू व्हायचा, पुढे लांबत २३ पर्यंत गेला. मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या बाहुल्या भेट द्यायच्या, जुगाराला मोकळीक, मालक गुलामांना जेवायला वाढायचे. भेटी आणि मौजमजा यात साम्य दिसतंच, पण थेट धागा दाखवणं अवघड. हा धागा जोरात लावला तो प्युरिटन म्हणजे इंग्लंडमधल्या कडक प्रोटेस्टंट लोकांनी, त्यांना नाताळच नको होता. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ बंद केला, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून सण पाळला तर ५ शिलिंग दंड होता, आणि तिथलाच पाद्री इन्क्रीझ मॅदर १६८७ मध्ये लिहीत होता की हा सण सॅटर्नालियावरून आलाय. आज जे नास्तिक अभिमानाने सांगतात ते मूळचं कट्टर ख्रिस्ती माणसांचं म्हणणं आहे.

ट्री पेगन असल्याचं फार बोललं जातं, पण घरात सजवलेल्या झाडाचं नीट वर्णन मिळतं ते १६०५ चं, स्ट्रासबुर्गचं. बैठकीच्या खोलीत सूचिपर्णी झाड, त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ वेफर. मध्ययुगात २४ डिसेंबर हा आदाम-हव्वेचा दिवस असायचा आणि नाटकात सफरचंदं लावलेलं झाड उभं करायचे, त्याच्याशी याचं नातं जास्त जवळचं. मिसलटो ड्रुइड, म्हणजे जुने केल्टिक पुजारी, सोन्याच्या कोयत्याने कापायचे हे रोमन लेखक प्लिनीने लिहिलंय, पण त्याखाली चुंबन घ्यायची पद्धत १८व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दिसते. गोठा तर सरळच ख्रिस्ती, संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात जिवंत बैल-गाढव आणून मांडला. उलट स्कँडिनेव्हियात सणाला आजही 'यूल' म्हणतात, तो तिथला जुना हिवाळी सण, आणि राजा हाकोनने १०व्या शतकात तो नाताळाबरोबर साजरा करायला लावला असं १३व्या शतकातल्या राजकथांमध्ये आहे.

चर्चने जुन्या प्रथा जाणूनबुजून सामावून घेतल्याचा खरा पुरावा ६०१ चा. पोप ग्रेगरीने धर्मप्रसारासाठी इंग्लंडला निघालेल्या मेलिटुसला पत्र लिहिलं की देवळं पाडू नका, मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, आणि लोक बैल कापतात तर कापू द्या, फक्त देवाच्या नावाने कापून जेवू द्या. गोव्यात याच्या अगदी उलट झालं. इन्क्विझिशन म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या १७३६ च्या फर्मानात बारीकसारीक हिंदू चालीरीतींची बंदी होती, लग्नात ओव्या नको, हळद नको, दारात तुळस नको, मीठ न घालता भात शिजवायचा नाही. एवढं करूनही गोव्याच्या ख्रिस्ती लग्नात नारळाच्या दुधाचा रोस लावतातच आणि नाताळच्या फराळात नेवऱ्या असतातच.

नाताळाचा जोडीदार म्हणजे २४ जूनचा सांजांव, येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानचा जन्मदिवस. लूकच्या शुभवर्तमानात योहान येशूपेक्षा ६ महिन्यांनी मोठा, म्हणून ही तारीख. युरोपात त्या रात्री होळ्या पेटवतात, कारण दिवस सगळ्यात मोठा असतो तो काळ. संत ऑगस्टिनने याची जोडणी योहानच्याच वाक्याशी केली, 'त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा', की योहानच्या जन्मापासून दिवस लहान होत जातात आणि ख्रिस्ताच्या जन्मापासून मोठे. गोव्यात जूनच्या शेवटाला धो-धो पाऊस आणि विहिरी तुडुंब, त्यामुळे तिथे लोक डोक्यावर फुलापानांचा मुकुट म्हणजे कोपेल घालून, घुमट हे मातीचं वाद्य वाजवत, नव्या जावयाला पुढे घालून 'विवा सांजांव' म्हणत विहिरीत उड्या मारतात.