जास्वंदीवरचा शिंजीर नेमका कुठला?

बाल्कनीत जास्वंदीची नाहीतर हॅमेलियाची कुंडी असली की शिंजीर येतोच, चिमणीहून कितीतरी लहान, बोटभर लांबीचा, चोच बारीक आणि खाली वाकलेली. लगेच व्हॉट्सॲपवर फोटो पडतो, हमिंगबर्ड आला म्हणून. पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच सापडतात, आणि आपल्या शिंजिराशी त्यांचं जवळचं नातंसुद्धा नाही. दोघंही फुलातला मध पितात म्हणून चोच तशी झाली, एवढंच.

महाराष्ट्रात घराजवळ बहुतेक दोन शिंजीर दिसतात, जांभळा शिंजीर म्हणजे पर्पल सनबर्ड आणि पंचरंगी शिंजीर म्हणजे पर्पल-रम्प्ड सनबर्ड. विणीच्या दिवसांत नर ओळखायला सोपे. जांभळा नर लांबून अख्खा काळाच वाटतो, ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो. पंचरंगीचं पोट मात्र पिवळंच, कडेला पांढरट, पाठ तपकिरी-लाल आणि डोक्यावर हिरवी चमक. ही चमक रंगद्रव्याची नाही बरं का, पिसांत मेलॅनिनच्या कणांचे अतिशय पातळ थर असतात आणि त्यांच्यावरून प्रकाश परत फिरतो तेव्हा ती दिसते, म्हणून सावलीत तोच पक्षी एकदम काळपट होतो. त्यामुळे नुसत्या चमकीवर भरवसा ठेवू नका, आधी पोट बघा.

खरी पंचाईत माद्यांची. दोघीही वरून मळकट, खालून पिवळसर, आणि एका जागी दोन सेकंदसुद्धा टिकत नाहीत. मी सगळ्यांना एकच सांगते, गळा बघा. गळा राखाडी-पांढरा, त्याखाली छाती पिवळी आणि कुशी परत पांढरट, तर ती पंचरंगीची मादी. गळ्यापासून खालपर्यंत पिवळटपणा सलग असेल तर जांभळ्याची. फोटो असेल तर झूम करून डोळा पण बघा, पंचरंगीचं बुबुळ बऱ्याचदा लालसर असतं, जांभळ्याचं गडद.

आता पावसाळा संपता संपता अजून एक घोळ होतो. वीण आटोपली की जांभळा नर आपली झळाळी टाकून देतो आणि साधारण सप्टेंबर ते डिसेंबर मादीसारखाच पिवळट दिसतो, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक गडद पट्टा राहतो, आणि पंखावर थोडी निळी चमक. लोक याला तिसरीच जात समजतात, खरं तर हा पट्टा दिसला की काम सोपं होतं कारण पंचरंगी नर असा वेश बदलतच नाही, वर्षभर रंगीतच असतो. कधी कधी पट्टेवाला पक्षी म्हणजे वयात येणारा जांभळ्याचा पिल्लू-नर असतो, पण जात तीच.

सवयींवरून मात्र दोघांना वेगळं करणं अवघड. दोघंही मध पितात, किडे-कोळी खातात, पिल्लांना तर मुख्यतः किडे-कोळीच भरवतात. फूल लांब नळीचं असेल तर सरळ तोंडातून न जाता बुडाशी चोच खुपसून भोक पाडतात आणि मध ओढून घेतात, म्हणजे झाडाला परागीभवनाचा काहीच फायदा नाही. जास्वंदीचं फूल उलटं करून देठाकडे बघा, बारीक भोक सापडेल.

घरटंही दोघांचं सारखंच दिसतं, कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेली लोंबती पिशवी, दारावर छोटं छप्पर, बाहेरून सालीचे तुकडे आणि कचरा चिकटवलेला. वेलीवर, कपड्याच्या दोरीवर, अगदी वायरवरसुद्धा असतं. ते बहुतेक मादीच बांधते आणि अंडी पण तीच उबवते, त्यामुळे सुरुवातीला नुसत्या मादीवरून ठरवावं लागतं. नाही जमलं तर पिल्लं बाहेर येईपर्यंत थांबा, साधारण दोन आठवडे, मग भरवायला नर पण येतो आणि त्याचं पोट बघितलं की कळतंच. तोवर ती दोरी काढू नका, आणि त्या कुंडीला पाणी घालताना पाइपचा फवारा घरट्यावर जाणार नाही एवढं बघा.