'आराम पडतो' हे अर्जात पुरत नाही: उपचार-उपकरणांवरील संशोधनासाठी निधी

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग कामगार असो की विडी वळणारी बाई, पाठ-मान धरली की फिजिओथेरपीत टेन्सचं यंत्र लावतात. त्वचेवर पट्ट्या, सौम्य करंट, आणि दुखणं उतरतं. ते नेमकं कशामुळे उतरतं, हे शोधण्यासाठी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांसाठीच्या, योजनेत अर्ज करता येतो. लहान अनुदानाची मर्यादा २ कोटी रुपये आहे.

अर्जदार संस्थेत नियमित नोकरीवर हवा. महाविद्यालय, विद्यापीठ, संशोधन संस्था चालते; स्वयंसेवी संस्थेला डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता लागते. स्वतःचा दवाखाना असणाऱ्यांनी वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातल्या किंवा विद्यापीठातल्या प्राध्यापकांना मुख्य संशोधक करून आपण सहसंशोधक व्हावं. नवं यंत्र बनवणाऱ्या स्टार्टअपची वाट वेगळी: बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेचं 'बिग' अनुदान, ५० लाखांपर्यंत.

आयसीएमआरचा अर्ज त्यांच्या ईपीएमएस या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. प्रस्ताव, कारणांसह अंदाजपत्रक, संशोधकांचे बायोडेटा, संस्थाप्रमुखांचं पत्र ही कागदपत्रं जमतात. माझ्या मते खरा कस प्रश्न मांडण्यात लागतो. 'टेन्सचा उपयोग होतो का' हा परिणामाचा प्रश्न झाला. यंत्रणेचा, म्हणजे 'कशामुळे होतो' याचा, प्रश्न असा: १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडल्याप्रमाणे मज्जारज्जूतलं 'दार' बंद होऊन वेदना अडते, की शरीरातली अफूसदृश द्रव्यं काम करतात? दोन्हींपैकी काय तपासणार, कोणत्या मोजमापाने, आणि कोणता निकाल आला तर तुमचं गृहीतक चुकलं म्हणाल, हे स्पष्ट लिहा. रुग्णाने वेदनेला दहापैकी दिलेल्या गुणांबरोबर किती दाबाला वेदना सुरू होते तेही मोजा. तुलनेच्या गटाला तसंच दिसणारं, पण करंट न सोडणारं यंत्र लावा.

आता परवानग्या. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे परवानाधारक उपकरणावरच्या शैक्षणिक अभ्यासाला केंद्रीय परवानगी लागत नाही. मात्र नैतिकता समितीची मंजुरी हवी, आणि त्यातली माहिती उपकरण बाजारात आणण्याच्या अर्जासाठी वापरता येत नाही. परवाना न मिळालेल्या नव्या उपकरणाची चाचणी असेल तर एमडी-२२ नमुन्यात अर्ज करून एमडी-२३ ची परवानगी घ्यावी लागते. चाचणीची सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) इथली नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच झाली पाहिजे.

नैतिकता समितीची बैठक रोज नसते, म्हणून तिच्याकडचे कागद आधी तयार करा. संमतीपत्र फक्त मराठीत करून सोलापुरात भागणार नाही. तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही करा, आणि वाचता न येणाऱ्यांना निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवा.

अंदाजपत्रकात रुग्णांचा येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी न विसरता धरा. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. बाई तपासणीला आली की त्या वेळच्या विड्या राहतात. ती भरपाई किती द्यायची, हे समितीकडून आधीच मंजूर करून घ्या.