फोर्टमधला फ्रीमेसन हॉल आणि ‘लॉज’ या शब्दाचा घोळ

मुंबईच्या फोर्टात, स्टर्लिंग सिनेमाजवळ फ्रीमेसनांचा, म्हणजे बंधुभाव मानणाऱ्या एका जुन्या संघटनेच्या सभासदांचा, हॉल आहे तो १८९७ सालचा. मुंबईतलं पहिलं लॉज मात्र १७५८चं. तेव्हाच्या सभा गोऱ्यांपुरत्याच असत, त्यामुळे त्या काळात रेंगाळत नाही.

खरा घोळ शब्दाचा आहे. चिपळूण-रत्नागिरीच्या स्टँडवर उतरलेल्याला लॉज म्हणजे रात्रीपुरती खोली. फ्रीमेसनांत लॉज म्हणजे मध्यवर्ती संस्थेकडून सनद, म्हणजे परवाना, मिळालेला सभासदांचा संच. वास्तूला ते हॉल म्हणतात, सभेच्या दालनाला मंदिर. कोकणातल्या माणसाला हे चटकन कळावं. गिरणगावात गावाचं मंडळ वेगळं आणि मंडळाची खोली वेगळी. खोली बदलली तरी मंडळ तेच राहायचं. लॉजचंही तसंच. ते भाड्याच्या जागेत भरेल, जागा सोडेल, पण त्याचं नाव आणि क्रमांक कायम राहतो. उलट एकाच हॉलात अनेक लॉजं आळीपाळीने भरतात. ‘जुनं लॉज १८९७मध्ये बांधलं’ असं वाचलं की मला वाईट वाटतं, कारण त्या एका वाक्यात जवळपास एकशे चाळीस वर्षं गळून पडतात.

आणि नेमक्या त्याच वर्षांत सगळ्यात मोठा वाद झाला : हिंदी माणसाला आत घ्यायचं की नाही? मेसन म्हणजे गवंडी. गुण्या आणि कंपास ही त्यांची खूण, बंधुभाव हे ब्रीद. तरीही एका पारशी गृहस्थाला इथे नकार मिळाला आणि परदेशात जाऊन दीक्षा घ्यावी लागली. शेवटी १८४३मध्ये स्कॉटलंडच्या सनदेवर मुंबईत हिंदी लोकांसाठी लॉज निघालं. माझ्या मते हॉलच्या पायाभरणीपेक्षा हा निर्णय मोठा. हिंदूंचा प्रश्न त्यानंतरही अडलाच. एका परमेश्वरावर श्रद्धा ही प्रवेशाची अट, आणि अनेक देव पुजणारा ती पाळतो का, यावर कलकत्त्यात वर्षानुवर्षं खल चालला. तिथे १८७२मध्ये एका हिंदूला प्रवेश मिळाला.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी भारताची स्वतंत्र मध्यवर्ती संस्था झाली. बरीच लॉजं तिच्यात गेली, काही इंग्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या सनदेवरच राहिली. म्हणून हॉलचं वय विचारलं तर १८९७ सांगावं. लॉजचं विचारलं तर आधी कुठलं लॉज ते विचारावं आणि त्याच्या सनदेवरचं साल पाहावं.